भाऊजींचं 'येतो'

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, परदेशात नळ दुरुस्त करतात. हात कसबी, पण जीभ हट्टी. तिथली भाषा ते सहा महिन्यांत शिकले. म्हणजे बोलायचे मराठीतच, शब्द फक्त तिकडचे वापरायचे. वर्षभर तक्रार आली नाही तर नोकरी पक्की, मग ताईला तिकडे नेता येणार होतं. तिने मोठी बॅगसुद्धा आणली होती. तूर्तास तिच्यात गोधड्या होत्या.

अकराव्या महिन्यात एकदम तीन तक्रारी आल्या. नळ गळतोय म्हणून नव्हे. "तुमचा माणूस निघताना 'मी येतो' म्हणतो आणि येतच नाही!" चौथ्या मजल्यावरच्या एक आजीबाई तर दोन दिवस दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

भाऊजींनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. ताई मात्र भडकली.

"अहो, मग सरळ 'जातो' म्हणा ना!"

"म्हणू?"

ताईने जीभ चावली. मग म्हणाली, "नको बाई. असलं अभद्र बोलू नका. नोकरी गेली तरी चालेल."

भाऊजींनी मुकाट्याने निघून पाहिलं. चोरासारखं वाटायचं म्हणे, आणि त्या घाईत पाना विसरायचा. शेवटी त्यांनी 'येतो' म्हणून दुसऱ्या दिवशी खरंच जायला सुरुवात केली. बेल वाजवायची, नळ सोडून बघायचा. पण निघताना तोंडातून पुन्हा 'येतो' जायचंच. पंधरा दिवसांत एकवीस घरं झाली.

"भाऊजी, तुम्ही नळवाले की दूधवाले?" मी विचारलं.

तिघांपैकी दोघांनी तक्रार मागे घेतली. आजीबाई काही घेईनात. शेवटी कंपनीच्या साहेबांनी त्यांना आणि भाऊजींना समोरासमोर बसवलं.

"आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत," ते म्हणाले. "जातो म्हटलं की माणूस परत येणार नाही, अशी भीती वाटते."

"सगळ्यांनाच म्हणता?" आजीबाईंनी विचारलं.

"नाही. आपल्या माणसांना."

हे बोलून गेल्यावर भाऊजी स्वतःच चपापले. नंतर मला म्हणाले, "अगं, वर्षभर मी तिथे नुसता राहत होतो. आपली वाट बघणारं कुणी आहे, हे मला तक्रारीच्या कागदावरून कळलं." त्या दिवशी मी चिडवलं नाही.

आजीबाईंनी पेन हातात घेतलं. "मी तक्रार मागे घेतली, तर याचं येणं बंद होईल का?"

"नाही होणार," भाऊजी म्हणाले.

आजीबाईंनी सही केली, पर्स उचलली आणि दाराशी थांबून भाऊजींकडे बघून म्हणाल्या, "मी येते."

"आता परत कशाला?" साहेब घाबरलेच.

भाऊजी उठून उभे राहिले आणि चक्क मराठीत म्हणाले, "या."