नरसय्याच्या सायकलची वायर

हे मी आजवर घरात बोललेलो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवळात हात जोडून उभा राहतो तेव्हासुद्धा या विषयाला बगल देतो — देवाला काय, माहीतच असेल, असं मनाशी म्हणतो आणि चपला घालून निघतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात भेटलात तरी मान खाली घालायची वेळ यायची नाही. बघा, सुरुवातीलाच स्वतःची सोय बघितली. असा आहे मी.

मी जॉबर. म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत जन्म गेला. माग बंद पडला की मला बोलावणं यायचं आणि मी तो चालू करूनच उठायचो. ही बढाई आहे का? आहे थोडी. आमच्यात जॉबरची किंमत एकाच गोष्टीवर ठरते — माग किती वेळ चालला. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबावा म्हणून त्याला एक काटा असतो. चांगली सोय आहे. पण तो काटा जरा हलका झाला की धागा शाबूत असतानाही माग थांबवतो, कापड कमी निघतं, मालक ओरडतो. मग जॉबर काय करतो? काटा बांधून टाकतो, सुतळीनं. मीही किती बांधले, मोजदाद नाही. थांबवणारी वस्तू म्हणजे अडचण, हे माझ्या हातात मुरलेलं. हे सबब म्हणून सांगत नाही — किंवा सांगतही असेन. तुम्ही तसं धरू नका म्हणजे झालं.

नरसय्या त्याच कारखान्यात, जेकॉर्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर. चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. ते पुठ्ठे क्रमानं ओवून लावायचं त्याचं काम. एक पुठ्ठा मागंपुढं झाला की मोराची मान पायाला लागायची. बाकीचे आकडे बघून ओवत. नरसय्या नुसता नजर टाकायचा आणि म्हणायचा, हा हितला न्हाय. त्याचं डोकं हीच त्याची ऐट होती. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. माझा तेवढाच एक मित्र. बाकीच्यांना मी फार बोलतो म्हणून नको असतो.

साठीच्या आसपास त्याचा गुडघा गेला. राहायला कुंभारीला, रोजची ये-जा सायकलवर. स्कूटरची त्याला भीती, कधी शिकलाच नाही. त्याच्या धाकट्यानं पुण्याला जाताना एक क्रूझर सायकल घरी टाकली होती — जाड टायर, मागं वळलेलं रुंद हँडल, खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसायचं. दिसायला राजेशाही, पायडल मारायला मात्र म्हशीला ओढल्यासारखी. मीच म्हणालो, हिला मोटर बसवू. तू फक्त बसायचं.

मोटरचं मागचं चाक, बॅटरी, कंट्रोलर, मुठीवरची रेस — सगळा संच मागवला. आठ दिवस माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्यावर राबलो. गल्लीत सांगत सुटलो की रविवारी नरसय्या मोटरवर येणार. लोक येऊन बघून जायचे, मला बरं वाटायचं. मग चाचणी घेतली तर काय — खड्डा आला की मोटर बंद. संचाबरोबर आलेल्या ब्रेकच्या दांडीत एक बारीक स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटरचा प्रवाह तोडतो. त्या दांड्या या हँडलवर सैल बसत होत्या, प्रत्येक हादऱ्याला स्विच हलत होता. आमचे रस्ते तुम्हाला माहीत आहेतच.

दांड्या बदलायला हव्या होत्या. दोन दिवसांचं काम. रविवार उद्यावर आलेला.

मी त्या स्विचच्या वायरचा जोड उपसला. काटा बांधला म्हणा ना. सायकल लोण्यासारखी चालायला लागली.

नरसय्याला सांगितलं का? नाही. नंतर नीट करू म्हणालो — स्वतःशीच. तो तिच्यावर बसून गल्लीतून गेला, लहान पोरासारखा हसत होता. पोरं मागं धावली. मी दारात कंबरेवर हात ठेवून उभा. त्यानंतर महिनाभर तो रोज कामावर मोटरवर आला आणि मी रोज म्हणत राहिलो, या रविवारी बघू.

मग कुंभारीजवळच्या उतारावर शेरडं आडवी आली. नरसय्यानं ब्रेक दाबला. घाबरलेला माणूस मूठ सोडत नाही, आवळतो. ब्रेकबरोबर रेसही आवळली जाते. त्यासाठीच ती वायर असते — मुठीत रेस असली तरी ब्रेक लागला की मोटर मेली पाहिजे. ती मेली नाही. मोटर पुढं रेटत राहिली आणि सायकल त्याच्यासकट मोरीच्या कठड्यावर गेली. गळपट्टीचं हाड मोडलं. वाचला.

इथपर्यंत चूक आहे. चूक माणसाकडून होते, ती मी केव्हाच कबूल केली असती — असं मला वाटतं. खरा गुन्हा पुढं आहे.

त्याच्या मोठ्या मुलानं, रमेशनं, सायकल टेंपोत घालून माझ्याकडं आणली. काका, काय बिघडलं बघा म्हणाला, आणि चहा प्यायला आत गेला. मी शेडमध्ये एकटा. वाकलो. जोड तसाच लोंबत होता. मी तो परत बसवला. टक् असा बारीक आवाज होतो. तो अजून आठवतो.

रमेश बाहेर आल्यावर मागचं चाक उचलून धरलं, रेस दिली. चाक भणभणलं. ब्रेक दाबला. जागच्या जागी थांबलं. रमेशनं थांबलेल्या चाकाला हात लावून बघितला. म्हणजे बाबांनी ब्रेक दाबलाच नाही, म्हणाला. मी म्हणालो, वय झालं की होतं असं.

पण नरसय्या ऐकेना. हात गळ्यात बांधलेला, तसाच चार दिवसांनी माझ्याकडं आला.

"ब्रेक दाबलो की बे मल्लू. दोनी हातानं दाबलो. थांबलीच न्हाय."

तेव्हा तरी सांगायचं ना? शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मी काय केलं — सायकल पुढं ओढली, चाक उचललं, रेस दिली, आणि त्याचा चांगला हात धरून ब्रेकवर ठेवला. दाब म्हणालो. त्यानं दाबला. चाक थांबलं. त्यानं पुन्हा दाबून बघितला. तिसऱ्यांदा. मग आपल्या हाताकडं बघत राहिला.

"मग मी दाबलो नसंन," म्हणाला.

एवढंच. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

हाड दीड महिन्यात जुळलं. डोकं जुळलं नाही. जे डोळ्यांनी बघितलं, हातांनी केलं, तेच झालं नव्हतं असं एकदा कळल्यावर माणूस कशावर भरवसा ठेवणार? कामावर आला तर पुठ्ठे ओवून झाल्यावर परत आकडे बघायला लागला. मग दुसऱ्याला बघायला सांगायला लागला. एक चादर चुकली — कुणाचीही चुकते — आणि त्यानं स्वतःच मालकाला सांगितलं, माझं डोकं आता ऱ्हायलं न्हाय. मालकानं जास्त काही विचारलं नाही. नरसय्या घरी बसला. वहिनी सांगतात, गॅस बंद केला का म्हणून तीन-तीनदा उठतो. कुलूप ओढून बघतो, दहा पावलं जातो, परत येतो. एकटा बाहेर पडत नाही.

आणि दर वेळी मला विचारायचा. मल्लू, तू खरं सांग, मी लई इसरतो का रे? मी काय म्हणायचो? होतं या वयात. पाठीवर थाप मारून म्हणायचो.

गेल्या वर्षी रमेश त्याला डोक्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. मला सोबत नेलं, मी जुना माणूस म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, विसरणं कधीपासून सुरू झालं? रमेशनं माझ्याकडं बघितलं. नरसय्यानंही बघितलं — आशेनं, मी काहीतरी चांगलं सांगेन म्हणून.

मी म्हणालो, "सायकलवरून पडला तेव्हापासून. ब्रेक दाबायचंच विसरला."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

आता तो खरंच विसरतो, की विसरेन या धास्तीनं विसरतो, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना तरी कसं कळावं? त्यांच्या कागदावर पहिली ओळ माझी आहे. आज जाऊन खरं सांगितलं तर काय होईल, याचा विचार मी हजारदा केलाय, आणि दर वेळी त्या विचारात मला माझंच तोंड दिसलंय, त्याचं नाही.

विसरण्यावर म्हणून डॉक्टरांनी त्याला रोज संध्याकाळी जेवणाआधी एक पांढरी गोळी लिहून दिली आहे. रमेशला कामातून सवड होत नाही, म्हणून पाकीट संपत आलं की आणायला मीच जातो. नरसय्या दारातच बसलेला असतो. पाकीट हातात घेतो आणि कधी आणि किती घ्यायची ते मला विचारतो, कारण स्वतःला पाठ असलेलं त्याला खरं वाटत नाही. मी सांगतो. तो मान डोलावतो.