दादाच्या लॅपटॉपचा आवाज

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, माझी सवत रुसली. कालपासून एक शब्द बोलंना."

सवत म्हणजे दादाच्या लॅपटॉपमधला आवाज. माझा मोठा भाऊ वालूरच्या शाळेत भूगोल शिकवतो. नजर त्याची हळूहळू गेली. आधी फळा दिसेनासा झाला, मग वहीतली अक्षरं, मग माणसं. नोकरी मात्र राहिली, कारण नकाशे त्याला पाठ होते आणि पोरं त्याला घाबरून असत. मी परभणीत संगणकाचे वर्ग घेते. माझ्या वर्गातून निघालेला एक जुना लॅपटॉप मी त्याच्यासाठी उचलला आणि त्यावर लिनक्स टाकून दिलं, कारण त्यात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय फुकट येते आणि ती मराठीही वाचते. वाचते म्हणजे, सर्दी झालेल्या यंत्रानं वाचावं तसं वाचते. दादा एकेक अक्षर टाईप करतो, आवाज ते अक्षर उच्चारतो, ओळ संपली की सगळी ओळ म्हणून दाखवतो. दिवसभर हीच बाई नवऱ्याच्या कानाशी बोलते म्हणून वहिनीनं तिला सवत करून टाकलं. ती रुसली म्हणजे दादासाठी लॅपटॉप संपलाच. नुसता मिटलेला डबा.

एरवी मी म्हटलं असतं, सावकाश बघू. पण पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आली होती आणि सोमवारी नववीचा भूगोलाचा पेपर शाळेत द्यायचा होता. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी आधीच सुचवलं होतं की सर, तुम्हाला कशाला त्रास, तुमच्या वर्गाचा पेपर आपण नव्या सरांकडून काढून घेऊ. दादा त्यावर इतकंच म्हणाला होता की मी शिकवलंय, मीच विचारणार. हे बोलणं चांगलंच ताणलं गेलं असावं, कारण तो घरी येऊन जेवला नव्हता, असं वहिनी सांगत होती. आज पेपर दुसऱ्यानं काढला तर उद्या तपासायलाही दुसरा येणार, परवा शिकवायलाही. दादानं हे कधी बोलून दाखवलं नाही. मला ते न बोलताच कळत होतं.

मी फोनवरच तपास सुरू केला. माझा एक नियम आहे. बिघाड सांगणाऱ्या माणसाला आधी विचारायचं, काल काय बदललं? वहिनी म्हणाली, काही न्हाई. सगळे असंच म्हणतात. मग मलाच आठवलं की दसऱ्याच्या आदल्या सकाळी दादानं फोन करून विचारलं होतं, अपडेट आलीय, घेऊ का, आणि मीच त्याला घे म्हणून सांगितलं होतं. झालं, मला चोर सापडला. आमच्या धंद्यात अपडेटवर आळ घेणं फार सोपं असतं.

"वैनी, वरती उजव्या कोपऱ्यात काय दिसायलंय?"

"घड्याळ हाय. बॅटरी हाय. अन् कानात घालायच्या हेडफोनचं चित्र हाय."

"हेडफोन लावलाय का?"

"न्हाई बाई."

मग ते चित्र चुकीचं, अपडेटनंच गोंधळ घातला, असं मी ठरवून टाकलं. हे चित्र मी नीट ऐकून घेतलं असतं तर माझं बसचं तिकीट वाचलं असतं. पण वालूरला जायला मला निमित्तच लागतं, त्यामुळे त्याबद्दल फारसं वाईट वाटत नाही.

शनिवारी दुपारी मी पोचले. दादा ओसरीवर बसला होता, मांडीवर लॅपटॉप, मिटलेला. माझी चप्पल वाजली तशी म्हणाला, "आली का डॉक्टरीण? पेशंट गेला की काय ते सांग लवकर."

मी आधी सिस्टिमचा गाभा, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, तो जुना निवडून मशीन सुरू केलं. लिनक्सची ही गोष्ट मला मनापासून आवडते. नवं बिघडलं तर जुनं फेकून दिलेलं नसतं, यादीत खाली शहाण्यासारखं थांबलेलं असतं. पण जुन्या कर्नलवरही आवाज नाही. मग आवाजाची सगळी बटणं दाखवणारी ती काळी खिडकी उघडली. स्पीकरचं बटण बंद दिसत होतं. मी ते चालू केलं, ते पुन्हा बंद झालं. हेडफोन लागला की स्पीकर आपोआप बंद करणारी सोय असते, ती काढून टाकली. आता बटण चालू राहिलं, आवाज मात्र नाहीच. आवाज हाताळणारी सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. तिच्या सेटिंगच्या फायली बाजूला सरकवून नव्या बनू दिल्या. नोंदींची लांबलचक यादी वाचली. त्यात कुठेही चूक लिहिलेली नव्हती. मशीनच्या मते सगळं व्यवस्थित होतं, हेडफोन लागलेला होता आणि आवाज त्यातून छान चालला होता. मला इतका राग आला की मी पडद्याकडे बघून "कुठंय हेडफोन, दाखव" असं म्हणाले. दादा हसला.

दादाच्या पोरीचे, माझ्या भाचीचे, इअरफोन मागून ते लावून पाहिले. पिन पुरती आत जाईना. जेवढी गेली तेवढ्यात नुसती खरखर ऐकू आली. आठवडी बाजारातला माल, पिन जाड असणार, म्हणून मी तेही बाजूला ठेवलं. ब्लूटूथ या मशीनचं कधीच चाललं नव्हतं.

गावातला मोबाइल दुरुस्तीवाला ओसरीवरून जाता जाता डोकावला आणि म्हणाला, फॉरमॅट मारा. या दोन शब्दांनी माझं डोकं फिरतं. अंगात ताप आला म्हणून माणूस बदलतात का? पण त्याच्यामुळे एक सुचलं. माझ्या पर्समध्ये एक पेनड्राइव्ह कायम असतो, त्यात आख्खं लिनक्स भरलेलं आहे. मशीनमधल्या कशालाही हात न लावता त्यावरून मशीन चालू करता येतं. तसं केलं. कोरी करकरीत सिस्टिम, नवी अपडेट नाही, दादाच्या सेटिंग नाहीत. तरी आवाज नाही, आणि कोपऱ्यात पुन्हा तेच हेडफोनचं चित्र.

म्हणजे दोष सिस्टिमचा नव्हता. अपडेटची मी मनातल्या मनात माफी मागितली. स्पीकरच गेला असणार, असं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "नवा कधी मिळंल?"

"सोमवारच्या आत न्हाई."

त्यानं खिशातून मोबाइल काढून हातात धरला. मुख्याध्यापकांना फोन करायचा विचार असावा. मी घाईनं म्हणाले, "तू सांग, मी टाईप करते."

"तू?" तो म्हणाला. "तुझ्या पोटात काही राहतं का? मी तुझ्या वैनीसाठी गुपचूप साडी घेतली तर रस्त्यातूनच तिला फोन करून रंग सांगितला होतास. अन् घरात नववीची पोरगी हाय."

ही खरी अडचण होती. भाची त्याच्याच वर्गात. म्हणून वहिनीलाही तो पेपर वाचू देत नसे. मोबाइलवर बोलून लिहिता येतं, पण मग प्रश्न मोठ्यानं म्हणावे लागले असते, आणि आमच्या घराच्या भिंती तेवढ्या जाड नाहीत. पेपर काढायचा तर एकट्यानं, दार लावून, इअरफोन घालून, हा त्याचा रिवाज. एरवी तो इअरफोनला हात लावत नाही. कानात बुचं घातली की घर दिसत नाही, असं म्हणतो.

फोन त्यानं केला नाही, खिशात परत ठेवला. उद्या दुपारपर्यंत बघू म्हणाला. रात्री जेवताना तो हवापाण्याचं बोलत राहिला, येलदरी धरणात पाणी किती आलं वगैरे. मला भाकरी गोड लागली नाही.

रविवारी सकाळी मी मशीन उघडून स्पीकरची तार तरी बघायचं ठरवलं. वहिनीनं ओसरीवर जुनी पांढरी चादर अंथरली, कारण स्क्रू हरवतात. तिचं शिलाईचं काम असतं, लहान वस्तूंची तिला सवय आहे. मी बॅटरी काढली, लॅपटॉप उचलला आणि पालथा केला. चादरीवर पिवळी पूड सांडली. तिच्यामागून झेंडूची एक वाळलेली पाकळी आली.

वहिनीनं पूड बोटाला लावून कपाळाला लावली. "हळद हाय. पूजेची."

"कसली पूजा?"

"आता कसली म्हंजे? खंडेनवमीची."

मग मला लख्ख आठवलं. खंडेनवमीला भाचीनं मला फोटो पाठवला होता. पाटावर कोयता, विळे, खुरपी, दादाचा पाना, वहिनीची मोठी कात्री, आणि या सगळ्यांच्या मधोमध लॅपटॉप. आडवा न ठेवता भिंतीला टेकवून कडेवर उभा केलेला, देवाच्या तसबिरीसारखा. वरून झेंडूचा हार. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची, त्यात कोयता काय आणि लॅपटॉप काय. मी त्या फोटोवर बदाम पाठवला होता. आता मोबाइल काढून तोच फोटो मोठा करून बघितला. ज्या कडेला हेडफोनचं भोक आहे तीच कड वर होती. सगळ्या घरानं तिच्यावर अक्षता टाकल्या होत्या.

मोबाइलचा दिवा लावून मी त्या भोकात बघितलं. आत, अगदी तळाशी, तांदळाचा एक लाल दाणा अडकला होता. हेडफोनच्या पिनेनं जी बारीक पट्टी दाबली जाते, तीच पट्टी त्यानं दाबून धरली होती. भाचीचे इअरफोन घुसवताना मी त्याला आणखी घट्ट बसवलं असणार. आणि या जुन्या मशीनमध्ये ती पट्टी दबली की स्पीकरची वाट आतल्या आतच तुटते, वरून सिस्टिमला कितीही सांगा. म्हणजे ते चित्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं.

मी टाचणी शोधायला लागले. वहिनी म्हणाली, "सरका." तिनं ओव्हरलॉकच्या मशीनमध्ये दोरा ओवायचा बारीक चिमटा आणला, लॅपटॉप माझ्याकडून तिरका धरून घेतला आणि श्वास रोखून दाणा बाहेर काढला. कुंकू लावलेला, अखंड तांदूळ. तिनं तो चादरीवर ठेवला नाही, तुळशीत टाकून आली. पूजेचा होता.

बॅटरी बसवली. दादाला मी अजून काही सांगितलं नव्हतं. तो खांबाला टेकून बसला होता, पण एवढा वेळ आम्ही दोघी एकाच जागी गप्प आहोत म्हणजे काहीतरी आहे, हे त्याला कळलं होतं. मशीन सुरू झालं. कोपऱ्यात हेडफोन गेला, साधा कर्णा आला. आणि त्या सर्दी झालेल्या बाईनं, नेहमीच्या बेसूर आवाजात, वाचन सुरू झाल्याचं सांगितलं.

दादा खांब सोडून सरळ बसला. त्यानं हात पुढे केले, मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर दिला. त्यानं एक बटण दाबलं, तिनं ते म्हटलं. दुसरं दाबलं, तेही म्हटलं. विनाकारण चार-सहा बटणं दाबून त्यानं सगळी ऐकून घेतली. माझे डोळे भरून आले. त्याला दिसत नाही म्हणून मी ते पुसलेही नाहीत.

"आली बया," वहिनी म्हणाली.

"काय झालं होतं?" दादानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "अक्षत कुणी टाकली पण तिच्यात?"

"आता तुमीच इचारा," वहिनी म्हणाली. "सगळ्यायनं चार दाणे टाकले. तुमी मूठभर टाकले. लय भाव होता ना तिच्यावर."

दादा मोठ्यानं हसला. मीही हसले. मग उत्साहाच्या भरात मी त्याच्या शेजारी सरकून बसले. पडद्यावर अर्धवट सोडलेला पेपर उघडला होता, वर शाळेचं नाव, खाली गुणांचा रकाना. मी पहिली ओळ वाचायला लागले तोच त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला.

"तू बाहेर बस," तो म्हणाला.

"अरे, मीच तर दुरुस्त केला."

"केला ना? मग झालं. पेपर गुप्त असतो. अन् ते इअरफोन दे इकडं."

मी इअरफोन दिले. तो उठला, लॅपटॉप छातीशी धरून खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. फटीतून तिचा आवाज येत होता, प्रश्न पहिला, एवढं मला ऐकू आलं. मग पिन भोकात पुरती आत गेल्याची टिक झाली आणि आवाज थांबला. दोन दिवस ज्याच्यासाठी मी जीव टाकला तो आवाज त्यानं माझ्यासाठी बंद केला होता, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच दाराशी उभी राहिले.

अंगणात भाची दोरीवर कपडे वाळत घालत होती. मला बघितल्यावर पळत आली, हळूच म्हणाली, "आत्या, काय काय विचारलंय? एखादा तरी सांग ना. नकाशा हाय का?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. "पेपर सरांनी काढलाय."