आक्काताईंच्या चार जादा भेटी

आमच्या साताऱ्याच्या घरात कुणी भुताखेताचं काढलं की वडील एवढंच म्हणायचे, "पुरावा दाखवा." मीही तशीच... आणि नोकरीही तसलीच मिळाली. मनाच्या आजारासाठी वर्षात किती वेळा डॉक्टरांकडे गेलात, हे लोकांना घरी जाऊन विचारायचं आणि त्यांच्या परवानगीने दवाखान्याच्या रेकॉर्डशी ताडून बघायचं. फरक निघतोच. कुणी विसरतं, कुणी लाजून कमी सांगतं. त्यात गूढ काही नसतं.

आक्काताई मिरजेजवळच्या एका गावातल्या. नाव बदललंय, आणि हे त्यांना विचारूनच लिहितेय. घरी ऊस, दोन म्हशी, त्या आणि त्यांचे मालक आण्णा. आयुष्यभर एका चुलीवर नांदलेली मोठी जाऊ वारली, तशी आक्काताईंची झोप गेली, बोलणं बंद झालं. म्हणून आण्णांनी त्यांना मिरजेला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मी गेले तेव्हा मात्र बाई चांगल्या हसतखेळत होत्या.

"किती वेळा गेलात, काकू?"

"एकदाच. तवाबी मी तोंड उघडलं न्हाई. ह्येच बोललं सगळं."

दवाखान्याच्या नोंदीत भेटी होत्या पाच! मला वाटलं, लाजताहेत. पुन्हा गेले, तर आण्णा हसायलाच लागले.

"आवं ताई, जाईल कशी? दवाखान्यातनं आलो आन् त्याच आठवड्यात गोठ्यात घसरून पाय मोडला हिचा. लय दिवस प्लास्टर. न्हाणीपतुर मीच धरून न्यायचो."

शेजारच्यांनीही तेच सांगितलं, आणि नोंदीतल्या नंतरच्या चारही भेटी नेमक्या प्लास्टरच्या दिवसांतल्या. म्हणजे दवाखान्यातच नावांचा घोळ... मी डॉक्टरांना गाठलं.

"घोळ कसला?" ते म्हणाले. "मी स्वतः बोललोय त्यांच्याशी. पहिल्यांदा मिस्टर होते, नंतर चारही वेळा एकट्या आल्या. चालत."

"पायाला प्लास्टर होतं?"

"छे!"

शेवटी त्यांनीच दोघांना बोलावून घेतलं. मीही गेले. आक्काताई दारात दिसताच डॉक्टर जुनी ओळख असल्यासारखे म्हणाले, "या, या! तिसरं ताट बंद झालं ना आता?"

आण्णा गोंधळले. "कसलं ताट?"

आक्काताई खुर्चीत बसल्या आणि सांगू लागल्या. जाऊ गेल्यापासून त्या रोज तिचंही ताट वाढायच्या आणि आण्णा रानातून यायच्या आत उचलून ठेवायच्या. पाय मोडेपर्यंत हे चाललं होतं. कुणाला म्हणून ठाऊक नव्हतं.

"खाटंवर पडून मनातल्या मनात डॉक्टरांस्नी सांगायची मी," त्या हळूच म्हणाल्या. "त्ये इचारायचं, मी सांगायची. मग झोप लागायची."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग आण्णा म्हणाले, "मला सांगायचंस की गं. वैनीचं ताट मी मांडलं असतं."

आक्काताई रडता रडता हसल्या.

आमच्या सरांनी ही केस 'रिकॉल एरर', म्हणजे आठवणीतली चूक, म्हणून मिटवली. पण मग डॉक्टरांसमोर चार वेळा बसलं कोण? मला नाही सांगता येत. परवा आक्काताईंना फोनवर पुन्हा छेडलं, तर म्हणाल्या, "मी बरी झाले न्हवं? मग कशाला उकरतीस, पोरी?"