सलमाच्या पेनाची टकटक

करीमचा फोन आला तेव्हा मी पुरण वाटत होते. "आंटी, ममा इज गॉन," एवढंच बोलला. खरं सांगते, पहिलं मनात काय आलं असेल तर... अगं सलमा, माझ्या नणंदेची गोष्ट अजून पुरी सांगायची राहिली की! दीड महिना होऊन गेला त्याला.

२०१६च्या हिवाळ्यात आम्ही दोघं हॅलिफॅक्सला मुलाकडे राहायला आलो. समोरच्याच दारात सलमा, तिच्या मुलाबरोबर, करीमबरोबर. वयाने माझ्याहून मोठी, पण पहिल्या आठवड्यातच अगं-तुगं. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमायचं. मला वाटायचं, असेल एखादी आजी माझ्यासारखी. एकदा तिच्याबरोबर अरबी दुकानात गेले, तर दुकानदार काउंटर सोडून बाहेर आला आणि छातीवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या बायकोला तर रडूच आलं. मी चाट! घरी येताना बसमध्ये तिने कबूल केलं, की ती अरबीत कादंबऱ्या लिहिते आणि तिकडे तिच्या देशात लोक त्या वाचतात. वाचतात म्हणे! अहो, मुली उशाखाली घेऊन झोपतात, हे मागाहून करीमने सांगितलं.

पण इथे आल्यापासून तिला ओळ सुचत नव्हती. तिने जन्मभर लिहिलं ते भरल्या घरातल्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या कोपऱ्यावर. मावश्या भांडतायत, वांगी भाजली जातायत आणि ही लिहितेय. इथल्या कॉन्डोत नुसती शांतता. शेवटची कादंबरी अर्धी पडलेली. "ही राहिली तर मी कबरीतून उठून येईन," म्हणून हसायची, आणि मग किती तरी वेळ बर्फाकडेच बघत बसायची.

मी म्हटलं, मग माझ्या स्वयंपाकघरात ये ना! आली कागद घेऊन. आता आपल्याकडची रीत अशी, की कुणी लिहायला बसलं की घर चिडीचूप. मी कुकर लावला नाही, आमच्या ह्यांचा टीव्ही बंद केला, नातीला दटावलं, स्वतः मांजरीच्या पावलांनी वावरले. तासाभराने बघते तर कागद कोरा! सलमाने पेन दोनदा टेबलावर आपटलं.

"या कुसुम, कोण मेलंय का इथे? टॉक!" तिच्या अरबीतलं 'या' म्हणजे आपलं 'अगं'.

"अगं, पण कशात? मराठीत?"

"मराठीतच. कळलं तर मी ऐकतच बसेन."

पडत्या फळाची आज्ञा! कुकरच्या शिट्ट्या, फोडणीची चुरचुर आणि माझी टकळी. मिरजेतली लग्नं, जावा, नणंदेचं रुसणं... सगळं काढलं. हे म्हणाले, "चाळीस वर्षं मी 'जरा शांत बस' म्हणतोय, आणि ह्या बाईला आणखी हवंय!" मी श्वास घ्यायला थांबले, की आलीच टकटक. दोनदा.

शेवटची ओळ लिहिली त्या दिवशी ती उठली, पिठाच्या हातांसकट मला मिठीत घेतलं आणि त्यांच्या लग्नात बायका काढतात तसा जीभ हलवून असा काही आवाज काढला, की नात धावत आली. "आजी, इज दॅट द फायर अलार्म?" आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो.

परवा करीम छापलेलं पुस्तक घेऊन आला. एक पान त्याने इंग्रजीत करून सांगितलं. त्यात एक शेजारीण आहे. ती काय बोलते ते गावात कुणालाच कळत नाही. पण ती गप्प झाली, की लोक काळजीने दारं उघडून बाहेर येतात. मला पुढचं ऐकवेना.

काल भाजी चिरत होते. गेला दीड महिना मी गप्पच असते स्वयंपाकघरात. हे सलमाच्या खुर्चीवर शब्दकोडं घेऊन बसलेले. एवढ्यात... टकटक. मी दचकून वळले. हे कोड्यातून मान वर न करता पेन टेबलावर आपटत होते.

"हं," म्हणाले, "नणंद रुसून माहेरी आली. पुढे?"