इंजिन कोणासाठी बंद होतं

महाळुंग्याच्या एका कंपनीत कोण कोणाला विचारून काम करतं, याचा नकाशा काढायला मला बोलावलं होतं. मी सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले. ‘काम अडलं की कोणाकडे जाता?’ या प्रश्नाला प्रत्येकाने शहाण्यासारखं आपापल्या साहेबाचं नाव लिहिलं. टूल रूमच्या बाईंचं कोणीच लिहिलं नाही. त्यामुळे नकाशात त्यांचा ठिपका कडेला पडला, आणि कडेच्या लोकांच्या जागा कंपनी कमी करणार होती.

जायला-यायला कंपनीची बस होती. ड्रायव्हर सीटवर टॉवेलची घडी टाकून बसायचा आणि कोणासाठी थांबायचा नाही. धावत आलेल्या मॅनेजरलाही त्याने आरशात बघत खुशाल मागे सोडलेलं मी पाहिलं होतं. एके दिवशी कासारवाडीला मात्र त्याने चक्क इंजिन बंद केलं. पाच मिनिटांनी डबा सावरत टूल रूमच्या बाई चढल्या.

“यांच्यासाठी बरे थांबलात!” मी ड्रायव्हरला म्हणालो.

“आवो, साहेब ऱ्हायले तर मागनं गाडी करून येत्यात. कुठलं टूल कुठं हाय, ते ह्या बाईंनाच ठावं. ह्या ऱ्हायल्या तर बसमधल्या निम्म्या लोकांचं काम अडतं. मंग शिव्या मलाच.”

दुसऱ्या दिवशी मला जेमतेम अर्धं मिनिट उशीर झाला. मी हात हलवत धावत होतो. त्याने आरशात नीट बघितलं आणि गिअर टाकला.

रिक्षाने कंपनीत पोहोचलो आणि आधी बाईंचा ठिपका नकाशाच्या मधोमध आणला. माझा कुठे काढायचा, ते सकाळीच कळलं होतं.