वैनींचं वरण आणि तळ्यातले मासे

जळकोटला आमच्या वैनींच्या पंगतीत ‘बास’ या शब्दाला काडीची किंमत नव्हती. जेवणाऱ्यानं ताटावर हात आडवा धरला, तर त्या बोटांवरच वरण ओतायच्या आणि वर म्हणायच्या, “भाजलं का? मग हात काढा की!” आता मी नोकरीसाठी नांदेडला असतो. इथं ‘बास’ म्हटलं की वाढपी मुकाट पुढे सरकतो, आणि मला उपाशी राहिल्यासारखं वाटतं.

शेततळ्यातल्या कटला-रोहूंनाही वैनींचा तोच न्याय. बाजारातलं सगळ्यात भारी, प्रथिनांनी गच्च खाद्य त्या सढळ हातानं टाकत. “लेकरं हायत, खाऊ द्या.” एवढं पचणार कसं? पाण्याला उग्र वास सुटला आणि एका साली निम्मे मासे मेले. घरातलं माणूस गेल्यासारख्या वैनी रडल्या. पुन्हा असं झालं तर तळं बुजवायचं, असं दादानं जाहीर करून टाकलं.

मी तेव्हा मत्स्यशास्त्र शिकून नुकताच घरी आलो होतो. म्हटलं, खाद्यातली प्रथिनं कमी करू. वैनी भडकल्याच. “भावजी, शिकून सवरून मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढायलाव व्हय?”

मी समजावलं. प्रथिनांतले एक-दोन घटक कमी पडले, की बाकीची अंगी लागत नाहीत; अमोनिया होऊन पाणी नासवतात. ते घटक, म्हणजे लायसिन आणि मिथिओनिन, भुकटी करून वरून मिसळले की कमी प्रथिनांवरही मासा भरतो. वैनींनी सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली.

“त्येंचं वरण कमी, तर माझंबी बंद. जाळं वढंस्तोवर ठेच्याशी भाकर खाईन.”

दादानं कपाळावर हात मारला. पण वैनींनी खरंच वरणाला तोंड लावलं नाही. रोज सकाळी तळ्यातलं ओंजळभर पाणी नाकाशी नेत आणि माझ्याकडे बघत. वास येत नव्हता, तरी माझा जीव टांगणीला लागलेला असे.

शेवटी जाळं ओढलं. वैनींनी एक कटला दोन्ही हातांनी उचलला. “जड हाय की वो!” म्हणाल्या आणि काठावर फतकल मारून हसत सुटल्या. दादानं फक्त एवढंच विचारलं, “पुढची माशांची पिल्लं, बोटुकली कधी आणायची?” माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

त्या दुपारी मी वैनींना जेवायला बसवलं आणि वरणाचं भांडं हातात घेतलं. दुसऱ्या वाढीला त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

“बास, भावजी, बास.”

मी त्यांच्या बोटांवरच ओतलं.