सफरचंद की लाल माठ?

चाकणच्या आमच्या कंपनीत तपासणी विभागात असलेला एक माणूस जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे न्याहाळायचा. "क जीवनसत्त्वात पेरू भारी की ढोबळी मिरची? सांग ना राव," असं विचारून खरोखर उत्तराची वाट बघायचा. आम्ही हसायचो.

बाळंतपणानंतर माझ्या बायकोचं रक्त फार कमी झालं. दवाखान्यात येणारा प्रत्येकजण सफरचंदं आणायचा. तो मात्र लाल माठाची जुडी घेऊन आला.

"वहिनी, सफरचंद चवीला ठीक. लोह या भाजीत जास्त. वर लिंबू पिळा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खरंय, पण गोळ्या चुकवायच्या नाहीत."

"त्या तर आधी!" म्हणत तो बाकावर बसला आणि भाजी निवडू लागला. कशात काय जास्त हे तोलायची ही सवय त्याला कुणाच्या आजारपणात लागली, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.